काचेच्या धाग्याचा तापमापक
(द्वितीय वर्ष, कला)

तापमान मोजणे ही आपल्याला फार सोपी गोष्ट वाटते, कारण आपण जे तापमान मोजतो तेच मुळी सोपे असते. ताप आला तर काखेत काचेची नळी, नाहीतर अलीकडे कपाळासमोर धरायचे यंत्र. उन्हाळ्यात वर्तमानपत्रातला आकडा. एवढ्यावर आपले भागते. परंतु पारा उणे ३९ अंशांना गोठतो आणि ३५७ अंशांना उकळू लागतो. (या लेखातले सर्व अंश सेल्सिअसचे आहेत.) या दोन टोकांच्या पलीकडे जे जग आहे ते फार मोठे आहे. ओतीव लोखंडाचा रस साच्यात पडतो तेव्हा तो चौदाशे अंशांच्या आसपास असतो. आधुनिक जेट इंजिनात जळालेला वायू पंधराशे अंश ओलांडतो. उलट बाजूला द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो, द्रव हेलियम उणे २६९ वर, आणि उणे २७३.१५ अंशांच्या खाली तर जगात काहीच जाऊ शकत नाही. अशा ठिकाणी तापमान मोजण्यासाठी आता काचेचा एक धागा वापरतात. धागा केसासारखा बारीक, आणि त्यावर एक पातळ लेप. मला सांगायचे आहे ते त्या धाग्याविषयी, आणि धाग्याहूनही अधिक त्या लेपाविषयी.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा उद्योग कशाला करावा, असे कोणी विचारील. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. पण आमचे आण्णा कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत भट्टीवर कामाला आहेत. त्यांची शाळा चौथीत सुटली, आईच्या नशिबी तेवढीही नव्हती, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. आण्णा निळी काच डोळ्यांपुढे धरून रसाकडे पाहतात आणि ‘अजून जरा दम धरा’ किंवा ‘झालं, घ्या’ असे सांगतात. नंतर यंत्राने मोजले तर आकडा त्यांच्या अंदाजाच्या जवळपासच निघतो, असे त्यांचे सोबती कौतुकाने सांगतात. ही विद्या कोणत्या पुस्तकात असेल, हे शोधता शोधता मी ग्रंथालयातल्या विज्ञानाच्या कपाटापाशी गेले. आमच्या विज्ञान शाखेच्या सरांनी मला तेथून हाकलले नाही, उलट चार पुस्तके काढून दिली.

विद्या पुस्तकात होतीच. कोणतीही वस्तू तापली की ती प्रकाश देऊ लागते. सहाशे अंशांच्या आसपास हा प्रकाश अंधारात मंद तांबडा दिसतो, नऊशेच्या सुमारास तो चांगला लालबुंद होतो, अकराशेला नारिंगी-पिवळा, आणि तेराशेच्या पुढे पांढऱ्याकडे झुकतो. तापमान आणि हा उजेड यांचे नेमके गणित माक्स प्लांक या जर्मन शास्त्रज्ञाने १९०० साली मांडले आणि त्यातूनच पुढे पुंजवाद जन्माला आला. म्हणजे आण्णा डोळ्यांनी जे वाचतात ते प्लांकचेच सूत्र, फक्त त्यांना ते कोणी सांगितलेले नाही.

मात्र प्लांकचे सूत्र एका आदर्श वस्तूला लागू पडते. तिला ‘कृष्णवस्तू’ म्हणतात. ती आपल्यावर पडलेला सगळा प्रकाश गिळते आणि तापल्यावर जास्तीत जास्त जितका प्रकाश देता येईल तितका देते. खऱ्या वस्तू इतक्या सरळ नसतात. एकाच तापमानाचा चकचकीत धातू कमी उजळतो, काळवंडलेला जास्त. रसावर मळी तरंगत असेल तर डोळ्याला दिसते ती मळी, रस नव्हे. धूर मध्ये आला की रंग बदलतो. दिवसपाळीला छपराच्या फटींतून ऊन येते तेव्हा रस फिका दिसतो आणि रात्रपाळीला तोच रस झगझगीत वाटतो. आण्णा हे सगळे ध्यानात घेऊन अंदाज करतात. पण तो अंदाजच.

शिवाय त्याची किंमत डोळ्यांनी मोजावी लागते. भट्टीतून दिसणाऱ्या उजेडाबरोबर न दिसणारे अवरक्त किरणही येतात. काच फुंकणाऱ्या आणि भट्टीवर काम करणाऱ्या माणसांना या किरणांनी मोतीबिंदू होतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. या विकाराला ‘काचकाराचा मोतीबिंदू’ असे नावच आहे. आण्णांच्या दोन्ही डोळ्यांना पन्नाशीच्या आत मोतीबिंदू झाला. तो भट्टीनेच झाला असे मी ठामपणे म्हणत नाही. पण दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘काम काय करता?’ हाच. तेव्हापासून तापमान कशाने मोजतात हा प्रश्न मला केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

फौंड्रीत मोजमापासाठी जे साधन वापरतात ते थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारांची टोके जोडली आणि सांधा तापवला की त्या तारांच्या मोकळ्या टोकांशी अगदी अल्प विद्युतदाब निर्माण होतो. हा शोध झेबेक याने १८२१ साली लावला. वितळलेल्या लोखंडासाठी प्लॅटिनम आणि ऱ्होडियम या महागड्या धातूंच्या तारा वापरतात. तारेचा इवलासा तुकडा पुठ्ठ्याच्या नळीच्या टोकाला बसवलेला असतो. लांब दांड्याने तो रसात बुडवायचा, काही सेकंदांत आकडा घ्यायचा, आणि जळलेले टोक फेकून द्यायचे. या कामापुरते हे साधन उत्तम आहे आणि त्याची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु जेथे टोक दर वेळी बदलता येत नाही, महिनोन्‌महिने आतच राहून मोजत राहायचे आहे, तेथे अडचणी सुरू होतात. जास्त उष्णतेत तारांचे धातू एकमेकांत मिसळू लागतात आणि आकडा हळूहळू खोटा होतो. शेजारी विजेची मोठी यंत्रे असली की तार त्यांचा गोंगाट पकडते. स्फोटक वायूच्या जवळ विजेची तार नेणेच धोक्याचे. आणि दर जागेला दोन तारा या हिशेबाने शंभर जागी मोजायचे तर दोनशे तारा झाल्या.

काचेच्या धाग्यात वीज नसते, हा त्याचा पहिला गुण.

प्रकाशतंतूची रचना थोडक्यात अशी. अतिशुद्ध सिलिकाच्या काचेचा, मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा म्हणजे १२५ मायक्रॉन जाडीचा हा धागा. त्याच्या पोटात आणखी बारीक गाभा, आणि गाभ्याची काच बाहेरच्या काचेपेक्षा किंचित ‘दाट’. म्हणजे तिच्यातून प्रकाश किंचित सावकाश जातो. गाभ्यात शिरलेला प्रकाश कडेला आदळतो आणि पुन्हा आत परततो. अशा रीतीने तो वळणावळणाने मैलोन्‌मैल जातो. वाकड्या वाटेने प्रकाश नेता येतो हे कोलाडों या स्विस शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये पाण्याच्या धारेत दाखवले होते. काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्याचा प्रयोग लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स आणि आपले नरिंदर सिंग कपानी यांनी केला. तो १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. कपानी मूळचे पंजाबातल्या मोग्याचे. पुढे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली काच पुरेशी शुद्ध केली तर तंतूतून दूरवर संदेश पाठवता येतील असे दाखवले आणि त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. कपानींना ते मिळाले नाही. २०२० मध्ये ते वारले आणि २०२१ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. नोबेल कोणाला मिळायला हवे होते हा वाद माझ्या कुवतीबाहेरचा आहे. पण या धाग्याच्या जन्मकथेत एका मोगावासीयाचे नाव आहे, हे आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही एवढे खरे. आज आपल्या महाराष्ट्रातही, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला, असा तंतू ओढला जातो.

आता लेपाकडे वळू. काच मुळात बळकट असते, पण नुसत्या हवेतल्या ओलाव्यानेही तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा वाढू लागतात आणि धागा एके दिवशी काडकन तुटतो. म्हणून सुमारे दोन हजार अंशांवर मऊ केलेल्या काचेच्या कांडीतून धागा ओढला जात असतानाच, कशाचाही स्पर्श होण्यापूर्वी, त्यावर लेप चढवतात. टेलिफोनच्या तंतूवरचा लेप ॲक्रिलेट या प्लॅस्टिकच्या जातीचा असतो. तो साधारण ८५ अंशांपर्यंत टिकतो; त्यापुढे तो खराब होऊ लागतो आणि अंग उघडे पडलेल्या काचेचे हाल होतात. गंमत अशी की काच स्वतः हजार अंशांपर्यंत तग धरू शकते. आधी मरते ते तिचे पांघरूण. सारा प्रश्न पांघरूण बदलण्याचा आहे. पॉलिइमाइड नावाचा पिवळसर बहुवारिक वापरला तर मजल तीनशे अंशांवर जाते. ॲल्युमिनियमचा लेप दिला तर चारशेवर. सोन्याचा दिला तर सातशेच्या आसपास. सोने येथे मिरवण्यासाठी नाही. ते हवेत तापवले तरी गंजत नाही, म्हणून. तांब्यालाही उष्णता सोसते, पण उघड्या हवेत ते काळे पडून झिजत जाते.

धातूच्या लेपाला एक खोडही आहे. तापल्यावर धातू काचेपेक्षा कितीतरी जास्त फुगतो आणि थंड होताना आवळतो. त्या आवळण्याने धाग्याला बारीक बारीक मुरडी पडतात आणि प्रकाश त्या मुरडींतून बाहेर गळतो. तेलाच्या खोल विहिरींत आणखी निराळा शत्रू असतो. तेथला हायड्रोजन काचेत झिरपतो आणि काच प्रकाशाला अंधुक होत जाते. त्याला अडवण्यासाठी काचेला चिकटून कार्बनचा अत्यंत पातळ थर देतात आणि त्यावर दुसरा लेप. म्हणजे एकावर एक दोन अंगरखे.

हा धागा तापमान सांगतो तरी कसा? याच्या तऱ्हा अनेक आहेत. एक आपल्या रामन परिणामावर चालते. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवसामुळे आपण विज्ञान दिन साजरा करतो, पण त्या शोधाचे पुढे काय झाले हे भाषणांत क्वचित येते. धाग्यात प्रकाशाचा एक ठोका पाठवला की त्यातला अगदी थोडा अंश काचेच्या रेणूंवर आदळून, रंग बदलून माघारी येतो. त्यातला जो अंश जास्त ऊर्जेचा होऊन परततो तो काच जितकी गरम तितका अधिक असतो. परतायला किती वेळ लागला यावरून तो कोठून आला हे कळते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तेव्हा एक मीटर जाऊन येण्याला सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो, आणि आजची यंत्रे एवढा वेळ मोजतात. म्हणजे अख्खा धागाच तापमापक झाला. कित्येक किलोमीटर लांबीच्या बोगद्यात किंवा जमिनीखालच्या विजेच्या केबलीशेजारी एकच धागा टाकला की कोणत्या मीटरला गरम झाले ते बाहेर बसून दिसते.

दुसरी तऱ्हा ब्रॅग जाळीची. १९७८ साली कॅनडातील ऑटावा येथे केनेथ हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तंतूच्या गाभ्यात प्रकाशाच्याच साहाय्याने पट्टे उमटवता येतात असे आढळले. हे पट्टे एकमेकांपासून अर्ध्या मायक्रॉनच्या अंतरावर असतात, आणि अशी जाळी नेमका एकच रंग मागे परतवते, बाकीचे पुढे जाऊ देते. काच तापली की हा परतणारा रंग सरकतो. किती? नेहमीच्या तापमानाला दर अंशामागे नॅनोमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. एवढे सरकणेही मोजता येते. एकाच धाग्यावर वेगवेगळ्या रंगांच्या जाळ्या ठेवल्या तर प्रत्येक जागेचे तापमान वेगळे वाचता येते. दोनशे तारांचा प्रश्न मिटला.

येथे लेपाचे काम बदलते, आणि मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत आवडला. अतिथंडीत काच जवळजवळ मुकी होते. सिलिका मुळातच फार कमी फुगते, पोलादाच्या सुमारे विसाव्या हिश्शाने; आणि उणे दोनशेच्या खाली तर तिच्यावर तापमानाचा परिणाम इतका क्षीण होतो की द्रव हेलियमजवळ नुसत्या जाळीचा रंग हलतच नाही म्हटले तरी चालेल. मग काय करायचे? जाळीवर असा लेप द्यायचा की जो थंडीने खूप आकसतो. शिसे काचेच्या पन्नासपट फुगते-आकसते. ॲक्रिलिक प्लॅस्टिक शंभरपटीहूनही जास्त. लेप आकसतो, आकसताना काचेला आवळतो, जाळीचे पट्टे जवळ येतात आणि रंग सरकतो. काचेला जे जाणवत नाही ते लेपाला जाणवते आणि तो काचेला ओढून सांगतो. भट्टीत लेप पांघरूण होता. येथे तो दुभाषा आहे. अर्थात येथेही घासाघीस आहेच. लेप जाड दिला तर ओढ वाढते, पण तो थंडीने तडकण्याची किंवा काचेपासून सुटण्याची भीती वाढते. पातळ दिला तर बोलणे ऐकू येत नाही. शिवाय हेलियमच्या अगदी जवळ लेपांचे आकसणेही मंदावते, त्यामुळे तेथे हे मोजमाप कठीणच राहते.

एवढ्या थंडीत कोणाला काय मोजायचे असते, याचे उत्तर जिनिव्हाजवळच्या सर्न येथे मिळते. तेथील २७ किलोमीटर घेराच्या वेगवर्धकाचे चुंबक उणे २७१.३ अंशांवर ठेवतात. ताऱ्यांमधल्या रिकाम्या अवकाशापेक्षाही थंड. या तापमानाला चुंबकाच्या तारांचा विद्युतरोध नाहीसा होतो. पण एखादी जागा थोडी जरी गरम झाली तर रोध परत येतो आणि एवढी मोठी वीज क्षणात उष्णतेत बदलते. १९ सप्टेंबर २००८ रोजी दोन चुंबकांमधला एक विजेचा सांधा असाच निकामी झाला, ठिणगीने हेलियमचे पात्र फुटले आणि सुमारे सहा टन हेलियम बाहेर पडला. यंत्र पुन्हा सुरू व्हायला २००९ चा नोव्हेंबर उजाडला. अशा ठिकाणी प्रचंड चुंबकीय क्षेत्र असते, आणि प्रत्येक धातूची तार बाहेरची उष्णता आत घेऊन येते. काचेचा धागा यांपैकी काहीच करत नाही. सर्नमधील संशोधकांनी अशा चुंबकांसाठी बहुवारिकाचा लेप दिलेल्या ब्रॅग जाळ्या तपासून पाहिल्या आहेत.

पुन्हा उष्णतेकडे येऊ. हजार अंशांच्या पुढे सिलिकेचेही चालत नाही. काचेत स्फटिक धरू लागतात, गाभ्यात मुद्दाम मिसळलेला पदार्थ बाहेर पसरतो, आणि धागा ठिसूळ होतो. साधी ब्रॅग जाळी तर त्याच्या कितीतरी आधी पुसली जाते. ती पुसून त्याच जागी जास्त टिकाऊ जाळी उगवून आणण्याची युक्ती आहे, पण तीही काचेच्या मर्यादेतच. यापुढे काच सोडावी लागते आणि नीलमणी घ्यावा लागतो. नीलम म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. अंगठीतला निळा असतो तो आतल्या भेसळीमुळे, शुद्ध नीलम बिनरंगी असतो. तो वितळतो सुमारे २०५० अंशांना.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डिल्स याने १९८३ साली याचा तापमापक प्रसिद्ध केला. त्याने नीलमाच्या बारीक काडीच्या टोकाला इरिडियम-प्लॅटिनमसारख्या उष्णता सोसणाऱ्या धातूची अत्यंत पातळ टोपी चढवली आणि तिच्यावर संरक्षणासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर दिला. टोपी वायूबरोबर तापते आणि आतून उजळते. तो उजेड काडीतून बाहेर येतो, आणि बाहेरचे यंत्र प्लांकच्या सूत्राने तापमान काढते. टोपीच्या आतली पोकळी ही छोटीशी कृष्णवस्तूच असते. म्हणून समोरचा वायू कसा उजळतो, पृष्ठभाग चकचकीत की काळा, मध्ये धूर आहे का, याची पर्वा उरत नाही. पाचशे-सहाशे अंशांच्या खाली उजेड पुरत नाही, पण त्यापुढे दोन हजारांजवळपर्यंत हा तापमापक चालतो.

म्हणजे शेवटी पद्धत आण्णांचीच: उजेड पाहून ओळखणे. फरक एवढाच की येथे पाहणारा डोळा भट्टीपासून दूर भिंतीपलीकडे असतो, आणि ज्याकडे पाहायचे ती वस्तू तो स्वतःच आत पाठवतो.

हा धागा फौंड्रीतल्या पुठ्ठ्याच्या नळीची जागा लगेच घेईल असे नाही. नीलमाचा धागा काचेसारखा भराभर ओढता येत नाही. वितळलेल्या पदार्थातून तो मिनिटाला काही मिलिमीटर अशा गतीने वर वाढवावा लागतो. म्हणून तो महाग आणि आखूड असतो. गरम जागेपुरता नीलम आणि पुढे साधी काच असे जोडकाम करतात. त्याला काचेसारखे बाहेरचे दुसरे आवरणही नसते, त्यामुळे अंगावर काजळी किंवा मळ बसला की प्रकाश गळतो. आणि टोपीला चीर गेली की सारेच बिघडले.

दिवाळीच्या सुट्टीत मी आण्णांना कागदावर चित्र काढून हे सगळे सांगितले. त्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिले. प्लांकविषयी त्यांनी काही विचारले नाही. त्यांचा प्रश्न होता, ‘एवढ्या बारीक काडीला टोपी घालतात कशी? धातूच्या रसात बुडवून?’ बुडवून नव्हे. हवा काढून घेतलेल्या पेटीत धातूच्या पत्र्यावर वायूच्या विद्युतभारित कणांचा मारा करतात. पत्र्यातले अणू सुटून उडतात आणि समोर ठेवलेल्या काडीच्या टोकावर जाऊन बसतात, थरावर थर, जोवर मायक्रॉनच्या हिशेबातली टोपी पुरी होत नाही.